मेरांती रस्त्यावरची रेघ

६ मे, बुधवार

आम्हाला हलवलं. घर जागेवर, दुकान जागेवर, मी शिलाई मशीनवर – आणि तरी हलवलं!

सभागृहात नवे नकाशे लावलेत ते बघून आले. क्वालालंपूरचे मतदारसंघ परत आखलेत. आमचा मेरांती रस्ता, दोन्ही बाजूंच्या घरांसकट, केबुन लामातून काढून महामार्गापलीकडच्या मतदारसंघाला डकवलाय. त्या मतदारसंघाचं बारसंही नव्याने झालंय – 'मुतियारा जया'. मुतियारा म्हणजे मोती म्हणे! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. नाव ऐकून वाटतं आत पोहण्याचा तलाव असेल. तो आहेच, पण तिथल्या उंच टॉवरांत राहणाऱ्यांना.

या टॉवरवाल्यांना उड्डाणपुलाचा उतार आमच्या रस्त्यावर हवाय, म्हणजे त्यांच्या गाड्या लवकर घरी पोचतील. केबुन लामाचा खासदार तो अडवून बसलाय. आमच्यावर प्रेम आहे म्हणून नाही, आमची मतं लागतात म्हणून. मुतियाराचा खासदार कोणीही होवो, त्याला टॉवर लागणार, आम्ही नाही. रेघ आधी येते, पुलाचे खांब मागाहून. खांब आले की माझं दुकान जाणार आणि समोरची रोस्नानीची टपरी तर घरासकट जाणार.

सेगरन म्हणाला, "मत कुठेही टाक, शाई त्याच बोटाला." नवरा आहे की म्हणींचा डबा! चहा दिला नाही.

७ मे

सकाळी रस्ता ओलांडून रोस्नानीला सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत, केळीच्या पानात नारळाचा भात बांधतच राहिली.

"कनगा अक्का, मी नाही तिकडे मत टाकणार, जा."

"तुला कोणी विचारलेलं नाही."

"मग मी विचारते. कोणाला विचारायचं?"

हेच मला सुचलं नव्हतं. बाई चार वाक्यांत मुद्द्यावर येते, मला पाऊण तास लागतो.

कोपऱ्यावरच्या फूंग अंकलच्या कॉफीच्या दुकानात गेलो. अंकलनी टेबलावर थाप मारली. "तीस वर्षं या टेबलावर बसून सरकारं पाडतोय मी. एक रेघ पाडता येणार नाही?" तिथल्या तिथे त्यांनी स्वतःला आमचा पुढारी नेमलं. आवाज मोठा आहे, म्हटलं असू दे.

९ मे

सू-यिन नावाची वकील मुलगी आली. फी घेत नाही, फक्त अंकलची बर्फाची कॉफी पिते. तिने नीट समजावलं. हरकत घेता येते, पण त्या मतदारसंघातले शंभर मतदार एकत्र यायला हवेत. नव्याण्णव आले तर कागद वाचतही नाहीत. मग सुनावणी. शंभरातले तिघंच बोलणार.

रोस्नानी हसली. "शंभरच? माझ्या नणंदेच्या लग्नात शंभर तर नुसते भांडायला आले होते."

१४ मे

रोस्नानी सकाळचा धंदा लवकर आटोपते आणि दारोदार फिरते. मी संध्याकाळी. रस्त्याची तिची बाजू मी घेतली, माझी तिने – अनोळखी माणसाला दारातून घालवणं अवघड जातं म्हणून. पण आम्ही कोणाला अनोळखी असतो तर ना! तिच्या बाजूला प्रत्येक घरात मला आधी जेवायला बसवतात.

आमच्या इमारतीतला चौथ्या मजल्यावरचा विमा विकणारा दुकानात आला तो म्हणाला, "काय फरक पडतो आंटी, ही रेघ काय नि ती काय." म्हटलं, ठीक, तुझी पॅन्ट मी माप न घेता शिवते, काय फरक पडतो. सही केली मेल्याने.

१८ मे

सगळं मुसळ केरात.

सू-यिनने एकेक नाव संगणकावर तपासलं. निम्म्याहून जास्त गळाली. सह्या खऱ्या, माणसं खरी, राहतात इथेच – पण मतदार इथले नाहीत! कोणी केलांतानचा, कोणी तरेंगानूचा. ओळखपत्रावर पत्ता अजून गावचा. दर निवडणुकीला बस भरभरून गावी जातात, मत टाकतात, आईच्या हातचं खातात, परत येतात. रोस्नानीच्या बाजूला तर घरामागून घर तसंच. तिने स्वतः पत्ता बदललाय, पण तिच्या नवऱ्याने नाही. तिने त्याला जे सुनावलं ते मी लिहीत नाही.

मग सू-यिन हळूच म्हणाली, "फूंग अंकल, तुम्हीसुद्धा. तुम्ही इपोहचे मतदार आहात."

सगळ्यांच्या माना अंकलकडे वळल्या.

मी म्हटलं, "तीस वर्षं इथे सरकारं पाडताय ना अंकल?"

"पाडतो इथे. मत तिथे टाकतो." मग कप पुसत बसले. "शाळेच्या वर्गात मतदान असतं. लहानपणीचा माझाच वर्ग. रांगेत सगळे जुने भेटतात. दर वेळी एखादा कमी असतो. पत्ता बदलला तर कोण गेलं ते कळणार कसं?"

मला चांगलं टोचून बोलायचं होतं. तयारही होतं. त्याऐवजी आणखी एक कॉफी मागितली.

१९ मे

पुढारी बाद झाला. हरकतीची मुदत जवळ आली. आता माझ्यावर आलं. बघतेच मी.

२३ मे

शंभर झाले! वर थोडे जास्तच, सू-यिन म्हणाली म्हणून.

जवळपास सगळे माझ्या बाजूच्या इमारतीतून मिळाले. जन्मात कधी मतदानाला न गेलेल्या म्हाताऱ्या, ज्यांची नावं मात्र यादीत इथेच. त्यांना खाली आणायचं काम रोस्नानीचं. लिफ्ट बंद होती तर भाताचे पुडे घेऊन वर गेली आणि प्रत्येकीजवळ बसून आधी सुनेची निंदा ऐकली, मग सही घेतली. मला हे जमलं नसतं, मी सुनेची बाजू घेतली असती. गाव करी ते राव काय करी. ही बाई एकटी म्हणजे अख्खं गाव आहे.

२५ मे

ब्लाउज तीन. एकाची बाही उलटी लावली. डोकं कुठे आहे!

१० जून

सुनावणी झाली. हॉटेलचा हॉल, इतका गार की रोस्नानीने माझ्या साडीच्या पदरात हात गुंडाळून घेतले. बोलणारे तिघं: मी, ती, आणि तिसरा म्हणून सेगरन. इथला मतदार आहे आणि रिकामा आहे, एवढ्यावर त्याची निवड झाली.

आयोगाचे साहेब सभ्य होते. सभ्य माणसांशी भांडणं फार अवघड. मधले साहेब म्हणाले, "भावना नकोत, मुद्दा सांगा."

मी म्हटलं, "मुद्दा तुमच्याच कायद्यात आहे साहेब. रेघ आखताना स्थानिक नाती सांभाळा असं लिहिलंय. आता नाती मी सांगते, तुम्ही लिहून घ्या." आणि सांगितलं. समोरच्या बाजूला लग्न असलं की मंडपाचे दोर आमच्या कठड्याला बांधतात आणि रस्ता बंद होतो. माझे सासरे गेले तेव्हा मंडप आमचा, खुर्च्या त्यांच्या मशिदीच्या. लग्नाच्या आदल्या दिवशी कांदे चिरायला दोन्ही बाजूंच्या बायका बसतात आणि कोणाची सुरी कोणाकडे गेली यावर वर्षभर भांडतात. टॉवरमध्ये आमची सुरी कोणाकडे आहे? कोणाकडेच नाही!

रोस्नानी एवढंच म्हणाली, "पूल टॉवरवाल्यांना हवा, खांब आमच्या घरात. आणि मत द्यायचं तेही यांच्यातच बुडवून. साहेब, माझ्या घराबद्दल मला एकदा तरी 'नाही' म्हणता येऊ दे." तिचा आवाज हलला नाही. माझा हलला असता.

मग सेगरन उठला. "साहेब, ही बाई घरात रोज बोलते, मी रोज ऐकतो. तुम्ही एकदा ऐकलंत तर मला थोडा आराम मिळेल." साहेब हसले, टंकलेखक हसली, सगळे हसले. परत येताना मी त्याला गाडीत पुढच्या सीटवर बसू दिलं.

१६ जून

काही कळत नाही. अंकल म्हणतात, काही न कळणं ही चांगली बातमी. इपोहच्या मतदाराने आम्हाला शिकवू नये.

२ जुलै

जिंकलो! दुरुस्त नकाशा लागला. आम्ही परत केबुन लामात. मेरांती रस्ता परत!

अंकलनी सगळ्यांना कॉफी पाजली. चौथ्या मजल्यावरचा विमावाला मला मिठी मारायला आला, इंचपट्टी दाखवून लांब ठेवला. म्हाताऱ्या खाली उतरल्या, लिफ्ट चालू नसतानाही. मी इतकी हसले की गाल दुखले.

संध्याकाळी सू-यिनने नकाशा मोठा करून दाखवला. रेघ रस्त्याच्या मधोमध आहे.

आमची बाजू केबुन लामा. समोरची बाजू मुतियारा जया. दोन्ही बाजू घेतल्या तर आकडे जुळत नव्हते आणि रस्ता ही स्पष्ट हद्द असते, असं कारण दिलंय. आणि उतार आता सरळ त्या बाजूने उतरवता येईल. खांबांना जागा मिळाली.

रस्ता ओलांडून गेले. रोस्नानीला आधीच कळलं होतं. पानं पुसत होती. "अभिनंदन अक्का," म्हणाली. खरंच मनापासून म्हणाली, तेच सहन झालं नाही.

४ जुलै

इमारतीत सगळे खूश. खाली जिन्याजवळ कानावर आलं: खांब तिकडे गेला, सुटलो. मी थांबले नाही. थांबले असते तर हात उचलला असता.

सकाळी भात आणायला गेले. रोस्नानीने पुडा बांधला, वर बघितलं नाही. "तिखट वेगळं देऊ का, मॅडम?"

मॅडम.

दुकानात येऊन मशीन सुरू केलं, म्हणजे आवाजात रडता येईल. दुःखाचं नव्हतं. रागाचं होतं. तिच्यावर नाही.

५ जुलै

सू-यिनला विचारलं. दुरुस्त नकाशावर परत हरकत घेता येते, एक शेवटची सुनावणी असते. पण परत शंभर लागतात. रोस्नानीच्या बाजूला इथले मतदार शंभर भरतच नाहीत, बाकी सगळे केलांतानला जाऊन मत देतात.

"मग आमच्या बाजूने घेतली तर?"

"घेता येईल. तुमच्या मतदारसंघाची हद्दही हीच आहे. पण आंटी, हे परत उघडलं तर तुमचंही हातचं जाऊ शकतं. मी वकील म्हणून सांगते, नका करू."

"आणि वकील नसतीस तर?"

तिने कॉफीतला बर्फ चावला. चांगली मुलगी आहे.

८ जुलै

अंकलच्या दुकानात सभा. फार वाईट झाली. "मिळालंय ते सांभाळा." "त्यांनी पत्ते बदलले नाहीत, त्यात आमची काय चूक?" "तुमचं काय जातंय आंटी, तुमचं दुकान तर वाचलं." हाच तर मुद्दा आहे! माझं वाचलं, कारण तिने चार मजले चढून सह्या आणल्या. त्या सह्यांनीच तिला बाहेर काढलं. हे मी सांगितलं. काहींनी मान खाली घातली, काही उठून गेले.

शेवटी अंकल म्हणाले, "मला इथे सही करता येत नाही याची आज पहिल्यांदा लाज वाटते." मग ज्यांनी 'मिळालंय ते सांभाळा' म्हटलं त्यांची कॉफी आणायला विसरले.

सेगरन रात्री म्हणाला, "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेयस." म्हटलं, पाय माझा आहे. तो म्हणाला, "एक माझापण असतो त्यात, विचारायचं तरी." विचारलं. "धोंडा जड असेल तर उचलायला मी येतो," म्हणाला आणि कूस बदलली.

९ जुलै

रोस्नानीला काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती नको म्हणेल.

म्हाताऱ्यांकडे या वेळी मीच गेले. सुनांची निंदा ऐकली. एकदाही सुनेची बाजू घेतली नाही!

११ जुलै

शंभर झाले. हरकत दिली. पहिली सही माझी, दुसरी सेगरनची. मागणी मीच लिहिली: समोरच्यांना आमच्यात परत आणा. ते जमत नसेल तर आम्हालाही काढा आणि त्यांच्याबरोबर मुतियारा जयात टाका.