शनिवारचं तेल

१४ मार्च १९३७, रविवार

उखर्डूचा हात दुखतोय म्हणे. दुखू दे!

विहिरीवर बायका बोलत होत्या, मुद्दाम मला ऐकू जाईल अशा. माझा धाकटा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहतो, आणि त्याच्या दुखण्याची बातमी मला विहिरीवर कळते! केळीचे घड वाहून वाहून मानेपासून बोटांपर्यंत कळ उतरते. झोप नाही. वच्छला, म्हणजे त्याची बायको, कोपर शेकून देते. काय उपयोग? दुखणं मानेत, आणि ही बया शेकतेय कोपर!

मी जाणार नाही. डिसेंबरात आपल्या फैजपुरात काँग्रेस भरली, तेव्हा एका स्वयंसेवकाची मान धरली होती. ती सोडवायला मी मांडवात त्याच्या मानेला हात लावून बसले होते. तर हा चार लोकांत ओरडला — ‘विधवा बाईमाणूस, परक्या पुरुषाले हात लावतं? लाज सोडली का अक्का?’ चार लोकांत! तेव्हापासून अबोला. त्यानं धरलाय, त्यानंच सोडावा.

१७ मार्च

गल्लीतल्या सुमनबाईकडून तेलाची वाटी आली. गेले.

सासूबाईंची पद्धत मी अजून मोडलेली नाही. ज्याला दुखतं त्यानं आपल्या घरचं तेल वाटीत घालून पाठवायचं. तोंडानं काही सांगायचं नाही, दुखणं हाताला सापडू द्यायचं. वाटी आली की हातातलं काम टाकून उठायचं, नाही म्हणायची सोय नाही. आणि वाटी आल्याशिवाय कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही, मग सख्खा भाऊ का असेना. तो स्वयंसेवकसुद्धा बिचारा द्रोणात तेल घेऊन आला होता. त्याला कोणी शिकवलं कोण जाणे!

सुमनबाईचं अर्धं डोकं ठणकत होतं. बोटाला जेमतेम तेल लावलं आणि डोकं ओंजळीत धरून बसले. दाबायचं नाही. ओला पापड उचलताना जेवढा हात लागतो, तेवढाच. लोकांना वाटतं रगडल्याशिवाय दुखणं जात नाही. उलट आहे! शीर भित्री असते. अंगावर धावून गेलं की जास्तच आवळून बसते. हात नुसता ठेवायचा, ऊब द्यायची आणि वाट बघायची. मग बोटांखाली काहीतरी ढिलं पडतं. आज ते पडलं, आणि बाई चक्क घोरायला लागली! तिची सून तोंडाला पदर लावून हसत होती.

२१ मार्च

बाजारात उखर्डू समोरून आला. उजवा खांदा कानाला टेकायला आलाय. हात पोटाशी धरलेला. माझी बोटं नुसती शिवशिवली. वाटलं, हाक मारावी. तेवढ्यात तो मान वळवून गल्लीत शिरला. मग मीही पदर सावरला आणि पुढे गेले. एकाच आईची ना आम्ही!

आईची पोरं जगत नव्हती म्हणून याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवून आणला आणि उखर्डू नाव ठेवलं. माझ्या कडेवर वाढला. दात यायचे तेव्हा रडरड रडायचा आणि माझा हात गालाखाली घेतल्याशिवाय झोपायचा नाही. आणि आता मला लाज शिकवतो.

२७ मार्च, धुळवड

देवा, त्याला वाटी पाठवायची बुद्धी दे. अनवाणी धावत जाईन.

३ एप्रिल, शनिवार

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

सकाळी कमलबाई आली. ही उखर्डूकडे दळणकांडण करते. पदराखालून वाटी काढली. माझीच! पितळेची, आमच्या ह्यांचं, म्हणजे मास्तरांचं, नाव घातलेली. भांडणाच्या आधी मी तिच्यातून शेवयांची खीर पाठवली होती. तीन महिने ठेवून घेतली आणि आज परत केली. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करू नये, एवढी रीत आहे वच्छलेला. पण काय घालून पाठवलं? साखर? गूळ? तेल! शनिवारी! शनिवारी तेल कोणाच्या दारात पाठवतात ते मला काय कळत नाही? आपली साडेसाती माझ्या उंबऱ्यात ओतली. भांडंसुद्धा ठेवायचं नाही माझं, आणि वर पीडाही द्यायची.

मी तिथल्या तिथे, कमलबाईच्या देखत, ते तेल मारुतीच्या दिव्यात ओतलं. ती उभीच. ‘बाई, घरी काही सांगू का?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘सांग, वाटी पोचली.’

ती दिव्याकडे बघत मागे सरली. मग गेली.

१० एप्रिल

उखर्डूला सावद्याकडच्या कोण्या पहिलवानाकडे नेलं होतं. त्यानं याला खाली निजवलं, काखेत टाच रोवली आणि दोन्ही हातांनी हात ओढला. विहिरीवर कौतुक चाललं होतं — केवढ्यानं कट्‌ वाजलं म्हणून! मानेची शीर ती. अशी ओढायची असते का रे? कुणाला विचारू?

११ एप्रिल

हात लुळा पडला.

१६ एप्रिल

लिहवत नाही. पण लिहिणार.

कमलबाईला आज वाटेत गाठलं. म्हटलं, हात कसा आहे त्याचा? तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. म्हणाली, ‘आता कसाले विचारता बाई? वाटी आली तवा नाही उठल्या.’

कुठली वाटी, म्हटलं. आणि म्हणता म्हणताच कळलं.

ती उखर्डूनं पाठवली होती. दुखणं सोसवेना, शनिवार टळू देण्याइतकाही दम निघेना. वच्छला आपली वाटी भरत होती, तर यानंच अडवलं. म्हणाला, ‘तिची पितळेची घे. मास्तरांची वाटी बघून अक्काले राग धरवणार नाही.’ कमलबाईला बजावलं, तोंडानं काही बोलू नको, तिला समजतं. समजतं! मला!

गावातल्या कोणाचीही वाटी मी ओळखते. फक्त माझीच ओळखली नाही. शनिवार बघितला, वच्छला बघितली, अपमान बघितला. तेल बघितलं नाही. तेल कशासाठी येतं माझ्या दारात? आयुष्यभर कशासाठी आलं?

आणि कमलबाईनं घरी जाऊन जे बघितलं तेच सांगितलं — वाटी पोचली, तेल दिव्यात ओतलं. पुढल्याच आठवड्यात त्यांनी पहिलवान धरला.

१७ एप्रिल

गेले. वच्छलेनं दार उघडलं आणि बाजूला झाली. तो भिंतीशी बसला होता. हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

मी म्हटलं, ‘उखर्डू, मला कळलं नाही रे. मला वाटलं वाटी परत केली.’

तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, ‘दिवा चांगला लागला का?’

मी जवळ सरकले तर म्हणाला, ‘हात लावू नको. आता वाटी कुठी पाठवली म्या?’

खरंच होतं. माझाच नियम! परत आले. चूल पेटवली नाही.

२ मे

त्याला जळगावला मोठ्या डॉक्टरकडे दाखवून आणलं. वच्छलेनं कमलबाईच्या तोंडून मला निरोप दिला, एवढं तरी केलं बिचारीनं. डॉक्टरनं बोटांना सुई टोचली. याला काही कळलं नाही. शिरा ताणल्यात, म्हणाले. तुटल्या असतील तर हात गेला. नुसत्या ताणल्या असतील तर कधीतरी एखादं बोट हलेल. तोवर कोणीही ओढाताण करायची नाही, वाट बघायची. वाट बघायची! माझ्याकडे तेवढंच तर होतं त्याला द्यायला.

१९ जून

सुमनबाईची वाटी आली. डोकं हातात घेतलं. काही सापडेना. माझेच हात जड. मन सारखं दुसऱ्याच खांद्यावर. ती म्हणाली, ‘अक्का, आज बरं वाटलं हो.’ खोटं बोलत होती. मला नाही का कळत?

८ जुलै

घडांची गाडी गेली दारावरून. उखर्डूचा लीलाधर हाकत होता. मला बघून त्यानं ‘आत्या’ म्हणून हाक मारली. एवढ्यावर दिवस निघाला.

४ सप्टेंबर, पोळा

बैल घेऊन सगळे निघाले. मी ओट्यावर उभी होते. उखर्डूची जोडी आली. दरवर्षी बैलांच्या तोंडावरच्या मोरक्या तो स्वतः बांधायचा, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. आज एका हातानं गाठ मारू बघत होता. दोरीचं एक टोक दातात धरलं होतं. गाठ सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. शेवटी लीलाधरनं पुढं होऊन बांधली आणि हा बैलाच्या वशिंडावर कपाळ टेकून उभा राहिला. लोकांना वाटलं, पूजा करतोय.

मी आत आले आणि पदर तोंडात कोंबून रडले. एवढा कसला गं तुझा मान! एक हाक मारली असतीस मार्चात त्या बाजारात, तर काय झिजली असतीस? बोलावल्याशिवाय जाऊ नये — सासूबाईंनी सांगितलं ते परक्यांच्या घरी घुसू नये म्हणून. मी त्याचं कुलूप केलं आणि भावाच्याच दाराला लावलं.

६ सप्टेंबर

सकाळी पितळेची वाटी घासली. आंबटचुक्यानं, लख्ख. माझ्या घरचं तेल काठोकाठ भरलं आणि कमलबाईच्या हातात दिलं. ‘उखर्डूला दे,’ म्हटलं.

ती म्हणाली, ‘त्याईले? त्याईले कुठी येतं हे? काय सांगू?’

‘काही सांगू नको.’

आजवर मी कोणाला वाटी पाठवली नव्हती. मला दुखतं, हे कोणाला कळू दिलं नव्हतं. हा नियम त्याला लागू नाही, तो काही हात ठेवणारा नाही. आला नाही तर बरोबरच आहे. ओतून टाकेल. त्यालाही हक्क आहे ओतायचा.

दिवसभर दाराकडे डोळे. कोणी आलं नाही.

७ सप्टेंबर

दिवेलागणीला आला. एकटा. डाव्या हातात वाटी, तेल तसंच, थेंब सांडलेला नाही. माझ्यासमोर बसला. म्हणाला, ‘अक्का, मले तर काहीच येत नाही.’ मग डाव्या हातानं तो उजवा हात उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. जड होता. ऊबदार होता. दोघंही रडत होतो. माझ्या केसांत त्याची करंगळी हलली. त्याला कळलं नाही. मी श्वास धरून बसले. पुन्हा हलली.