निळ्या कॅनचं पाणी

मु. कुरुंदा

आयुष्मान भीमराज यांस तुमच्या दाजीचा सप्रेम जयभीम.

इकडं समदे खुशाल. तुमची बहीण मालनबाई खुशाल, म्हणजे बोलून राहिली. सूनबाई संध्याला सहावा महिना लागला, घरात चिंच उरली न्हाई. साक्षी दहावीला, ती बी खुशाल, फक्त तिची शाळा खुशाल न्हाई. फोन काहून केला न्हाई म्हणाल, तर मी एक शब्द बोललो की तुमची बहीण दहा घालते, म्हणून कागद.

तर साक्षीनं रागाच्या भरात कंपासपेटी भिरकावली, वर्गाची खिडकी फुटली. हेडसर म्हणले, आणखी एक तक्रार आली की पोरगी घरी ठेवा. मी म्हणलं, आईवर गेली. (हे वाक्य मोठ्यानं वाचू नका.) त्याच आठवड्यात शहरातून सर्वे करणाऱ्या निलम मॅडम आल्या, हातात हा एवढा फॉर्म. पोरगी पोटात असताना शेतात कोणतं औषध फवारलं, मालनबाई तवा कुठं होत्या, असे सवाल. मी बी छाती फुगवून सांगितलं की लोक एकदा फवारतात तिथं आपण तीनदा, मालनबाईनं नवव्या महिन्यापर्यंत पंपाला पाणी वाहिलं, हळदीचं बेणं औषधात बुडवलं ते बी उघड्या हातानं. (हातमोजे सायबाला लागतात, असं तवा मीच म्हणलं होतं.) मॅडम खाली मान घालून लिहून राहिल्या. मला वाटलं, आपलं कौतुक चाललं.

मग त्यांनी औषधाचं नाव विचारलं. नाव कोणाच्या ध्यानात राहते? पण मी पुरावा जपणारा माणूस. सैपाकघरातून निळा कॅनच आणून पुढं ठेवला. सोळा वर्षं झाली, थेंब गळत न्हाई. माती लावून धुतला तवापासून प्यायचं पाणी त्यातच. कवटीचं चित्र तेवढं पुसट झालं. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. अर्धा पिऊन झाला होता.

मॅडम म्हणल्या, एका लेकराबद्दल ठाम सांगता येत न्हाई, राग यायला कारणं शंभर असतात. पण पोटात असताना असं काही गेलं तर वयात येताना ते वागण्यात दिसू शकते. झालं, गावाला निमित्त सापडलं. शेजारचा योगेश नापास झाला, तर पोटातलं औषध. प्रेमसिंग चाळिशीचा, रोज पिऊन येतो, तो बी म्हणते माझ्या आईनं फवारलेल्या शेतात निंदण केलं होतं. साक्षी तर भांडी घासायला सांगितली की म्हणते, मी बिघडूनच आले, बाबाला सांगा. मालनबाईनं आठ दिवस झाले मला गरम भाकर दिली न्हाई.

मी तर हे काही मानत न्हाई. मी बी त्याच शेतात वाढलो, मला काय झालं?

तुमचा दाजी,
किशनराव

ता. क. मानत न्हाई हे कायम. पण सोमवारपासून आपली फवारणी हाय. पहिलं बाळंतपण माहेरी हे मला बी कळते, पण संध्याचं माहेर सेनगावकडं, दाराला लागून कपाशी, तिथं बी पंप चालूच. तुमी हिंगोलीत तिसऱ्या मजल्यावर राहता. तिला बाळंतपणापर्यंत तुमच्याकडं ठेवा. माहेर सोडून मामेसासऱ्याकडं काहून, असं कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. रविवारीच घेऊन येतो.

ता. क. कॅनला कुऱ्हाडीनं भोक पाडलं.

ता. क. साक्षीनं हे पत्र वाचलं. म्हणली, माझ्या टायमाला आईला मामाकडं काहून न्हाई धाडलं? मी पेनाचं टोपण शोधत राहिलो. मग तिनं काही भिरकावलं न्हाई, पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. भिरकावलं असतं तर बरं झालं असतं.