पिंडाला कावळा शिवला नाही

बाबा, तुमच्या श्राद्धाचं सामान आलं. काळे तीळ, जव, दर्भ आणि पत्रावळी, महाडच्या बाजारातून, एसटीचं भाडं धरून नऊ रुपये. तांदूळ घरचेच आहेत. भाऊ उद्या मुंबईहून येईल.

कारखान्यात जाताना तुम्ही रोज नदीवर थांबून माशांना कणकेच्या गोळ्या टाकायचात. एका उन्हाळ्यात डबा भरलेलाच परत आणलात. आई म्हणाली, "विसरलात होय?" तुम्ही म्हणालात, "नाय गो. खायला कोणी ऱ्हायलंच नाय." आणि हात धुऊन जेवायला बसलात. रंगाचं पाणी तुमच्याच कारखान्यातून नदीत जात होतं. त्यावर तुम्ही घरात कधी अवाक्षर काढलं नाहीत.

तुमचा दहावा अजून डोळ्यांपुढे आहे. बायकांनी घाटावर यायचं नसतं, तरी मी वरच्या पायरीवर उभी आहे. पिंड ठेवलाय आणि कावळा येत नाही. भाऊ हात जोडून म्हणतो, "बाबा, आईला मी मुंबईला नेतो, एकटी ठेवत नाही." तरी नाही. बॉयलरवर तुमच्या जोडीला असलेले काका कारखान्याच्या शेठना ऐकू जाईल असं बोलतात, "मासं ऱ्हायलं नाय, तर कावळा येतोय कशाला?" सरकारी कचेरीची पत्रं येऊन पडली तरी ज्यांनी लक्ष दिलं नव्हतं, ते शेठ बूट काढून पिंडापुढे येतात. "टाकी बांधतो. घाण पाणी नदीत सोडणार नाही. आता अडून बसू नका." कावळा तरीही आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

शेठ शब्दाला जागले. भागीदार खर्चावरून कुरकुरले की म्हणत, "मेलेल्या माणसाला शब्द दिलाय, तो परत कोणाकडे मागू?" पाळीवरची माणसं ती तुमची टाकी म्हणून राखतात, कुठे पाझर दिसला की कोणी सांगायच्या आत धावतात. पुढे नदीत मासेही दिसू लागले. सगळ्यांनी ठरवून टाकलं, तुमचा जीव नदीत अडकला होता.

भावाचा शब्द मात्र घाटावरच राहिला. त्याच्या बोलण्याने कावळा आला नव्हता, म्हणजे ती तुमची इच्छाच नव्हे, असं आम्ही धरलं. कावळा तर शेठच्या बोलण्यानेही आला नव्हता. आई महाडच्या घरात एकटी राहिली आणि एकटीच गेली. मी पोलादपूरला, एसटीने तासाभरावर.

कोणी विचारलं तर मीही नदीच सांगते. आम्हा दोघा भावंडांना ते सोपं पडतं. हे पत्र पेटीत टाकायचं नाही, ठाऊक आहे मला. तरी त्या दिवशी तुमच्या मनात नदी होती की आई, तेवढं उलट टपाली कळवा.