सांदवाडीतली तेलाची विहीर

मुक्काम कोहमारा,
वैशाख वद्य पंचमी, सन १९४६

नवेगाव बांधचे वडीलधारे श्री. केशोराव दादा यांना आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे भोजराजाचा, दोन्ही हात जोडून रामराम.

इकडे सर्व ठीक आहे. सर्व म्हणजे मी एकटाच आहे, आणि मी ठीक आहे. तिकडची खुशाली कळवावी. आपला उजवा गुडघा आता तलावाच्या पाळीवर चढू देतो की अजून खालूनच परत फिरवतो? निर्मलावहिनींचा खोकला अडुळशाने गेला का? तांबड्या म्हशीचं दूध वाढलं का? आपल्याकडे माघ महिन्यापासून आणखी एक माणूस राहायला आलं आहे, त्यांच्याही प्रकृतीची चौकशी करायची होती. पण त्या ज्या रीतीने इथून निघाल्या ती पाहता ती चौकशी मी कोणत्या तोंडाने करू? म्हणून म्हशीवरच थांबतो.

आपण आमच्या गावच्या बिसरामच्या हाती विचारलं होतं की भोजराजाच्या तेलाच्या विहिरीचं कुठवर आलं आणि उत्पन्नाची कितपत आशा आहे. (बिसराम म्हणतो की हे विचारताना आपण हसत होता. तो खोटं बोलतो असं मी धरून चालतो.) तर सविस्तर लिहितो.

दिवाळी झाली आणि गोठ्याचा एक खांब कुजला म्हणून घरामागच्या सांदवाडीत, हळदीच्या वाफ्याला लागून, मी नवा खड्डा काढला. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पाणी साठलं आणि त्या पाण्यावर रंग दिसले. मोराच्या पिसाऱ्यावर असतात ना, तसे निळे-जांभळे. वास घेतला तर पेट्रोलचा! आता योगायोग असा की त्याच वेळी गोंदियाचे धानाचे व्यापारी दुलीचंद शेठ माझ्याकडे आलेले होते. ते बघायला पुढे झाले आणि त्यांचा पाय त्या खड्ड्यात गेला. बाहेर काढल्यावर त्यांनी धोतराचा काठ हुंगला आणि डोळे मोठे करून म्हणाले, "पटेल, ये तो तेल है! आसाम में ऐसे ही मिला था. वहाँ हाथी के पाँव में लगा था, यहाँ मेरे पाँव में लगा." (शेठजींच्या आकारमानाकडे पाहता दाखला अगदीच चुकीचा नव्हता.) मलाही ते पटलं. दादा, आपल्याकडे घासलेटला मातीचं तेल म्हणतात. मातीचं तेल मातीतून निघणार नाही तर काय चिंचेच्या झाडाला लागणार?

तेवढ्यात आपल्या भगिनी हातातलं सूप ठेवून मागल्या दारी आल्या, खड्ड्यावर वाकल्या आणि सगळ्यांसमक्ष म्हणाल्या, "थे आपलंच सांडलं होय ना जी. इतकी वर्सं इथंच तर डबे धुतले. देवानं का आपल्याच सांदवाडीत टाकी गाडली का?"

यावर मी काय बोललो ते लिहिण्याआधी थोडी जुनी आठवण काढतो, म्हणजे मी काय बोललो ते आपल्याला नीट कळेल.

लग्नानंतर मी शेती भावावर सोपवून रायपूरच्या सडकेवर पेट्रोलची एजन्सी घेतली, तेव्हा आपले वडील किती रागावले होते आठवतं का? आपण कोहळी, आपल्या वाडवडिलांनी गावोगाव तलाव बांधले, आणि त्या कुळातला जावई पाणी सोडून आग विकतो म्हणून ते शेवटपर्यंत माझ्या घरी जेवले नाहीत. सुरुवातीला नुसते डबे असत. डबा फोडायचा, मेंढीच्या मऊ कातड्यातून पेट्रोल गाळायचं आणि मोटारीत ओतायचं. मग पंप आला. वर काचेच्या दोन बरण्या, एक भरली की दुसरी रिकामी होणार, आणि बाजूला हापसायचा दांडा. गावातले लोक नुसते बरण्या पाहायला येऊन बसत. दांडा कोण हापसत असे? तर आपल्या भगिनी. गाळत कोण असे? त्याच. मी साहेबलोकांशी इंग्रजी बोलत असे. मला इंग्रजीची दोन वाक्यं येत होती, "फुल, सर?" आणि "रोड बॅड, सर." एवढ्यावर मी सगळा धंदा केला. एकदा लग्नाच्या वऱ्हाडाची मोटार आली, तिचं झाकण उघडताच हिने नाकाला पदर लावून ड्रायव्हरला सांगितलं की मागच्या ठिकाणी तुला मातीचं तेल मिसळून दिलंय, साकोलीच्या पुढे जाणार नाहीस. ड्रायव्हर ऐकेना. वऱ्हाड साकोलीच्या अलीकडेच रात्रभर बसलं आणि मुहूर्त टळला. त्यानंतर त्या सडकेवरचे ड्रायव्हर मला रामराम करून भाव मात्र तिला विचारत. अशी ही बाई. आणि दुलीचंद शेठ, शेजारचा शेतकरी मंगरू, बिसराम आणि अर्धं गाव खड्ड्याभोवती उभं असताना मी तिला म्हणालो, "तेलातलं तुला काय कळते?"

लिहून टाकलं. (इथे आपण चष्मा काढून छताकडे पाहणार, हे मला ठाऊक आहे. पाहून झाल्यावर पुढे वाचा.)

का बोललो, तेही सांगतो. लढाई लागली, पेट्रोलला कूपन आलं, आणि एक दिवस कंपनीची माणसं येऊन पंप उखडून घेऊन गेली. मागे सिमेंटचा चौथरा राहिला. मी रोज संध्याकाळी त्यावर बसू लागलो. सडकेवर पेट्रोलऐवजी पाठीला बांधलेल्या कोळशाच्या भट्टीवर चालणाऱ्या मोटारी धूर ओकत जात. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलत. छोटेलाल ड्रायव्हर हात हलवायचा, भोंगा वाजवायचा, पण थांबायचा नाही. थांबून करणार काय? माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं. दादा, ज्याच्या दारात सगळी सडक थांबायची त्याच्या दारात कोणीच थांबेनासं झालं की माणूस आतून फार लहान होतो. मला श्रीमंत व्हायचं नव्हतं. मला फक्त पुन्हा कोणीतरी थांबायला हवं होतं. आणि खड्ड्यात ते रंग दिसल्यावर मला वाटलं, आता नुसती मोटारच काय, आगगाडीही थांबेल.

तर पौषात खोदाई सुरू झाली. गावाला एवढा उत्साह मी एरवी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतच पाहिला आहे. पोलीस पाटलाने कोहमाऱ्याच्या रेल्वे स्टेशनसाठी जागा पाहून ठेवली. समोरच्या नंदाबाईने घरोघरी दिव्याला फुकट तेल मिळणार असं माझ्या वतीने परस्पर सांगून टाकलं. मंगरूला बैलांऐवजी मोटारीने नांगरायचं होतं, आणि त्या विचाराने त्याला बैलांची इतकी दया आली की तो त्यांना जास्तीची पेंड घालू लागला. मी खड्ड्याच्या पाण्यात चिंधी बुडवून काडी लावली, ती भक् करून पेटली, आणि सगळ्यांनी "हरहर महादेव" केलं. सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.

खड्डा रुंद करायचा तर हळदीचा वाफा आड येत होता. नवेगावहून आणलेल्या, आपल्या आईच्या हातच्या बेण्याने लावलेली हळद, काढणीला आलेली. मी ती रातोरात उपटली. (दुसऱ्या दिवशी विचारून उपटली असती तर उपटू दिली नसती, हे मला कळत होतं, म्हणजे मला अगदीच काही कळत नाही असं नाही.) सकाळी आपल्या भगिनी मागल्या दारी आल्या आणि त्यांनी ढिगारा पाहिला. आत जाऊन गाठोडं बांधलं आणि दारात म्हणाल्या, "तुमी तेल काढा. मी जाऊन राहिली." कोळशाची मोटार त्या दिवशी नेमकी माझ्या दारात थांबली. इतक्या वर्षांनी थांबली, आणि ती ही अशी.

आता उत्पादनाविषयी. पुरुषभर खोलीवर काळी पडलेली माती लागली, वास तर असा की डोळ्यांतून पाणी यावं. मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. त्याच्या खाली बिसरामच्या कुदळीला काहीतरी खणकलं. त्याने उचलून वर दिलं ते गंजलेलं नरसाळं होतं. माझ्याच दुकानचं, पूर्वी तिथे असलेल्या उकिरड्यात गाडलं गेलेलं. मागोमाग डब्यांची झाकणं निघाली, पंपाची एक फाटकी चामडी चकती निघाली. गाव माझ्याकडे बघू लागलं. मी म्हणालो, खोदा. (देवाने पृथ्वीच्या पोटात पेट्रोल भरताना नरसाळं वापरलं असेल, असंही माझ्या मनात क्षणभर येऊन गेलं. आशा वाईट, दादा.) झाकणांच्या खाली माती पिवळी झाली, मग मुरूम लागला, आणि वास कमी कमी होत पार गेला. दुलीचंद शेठ धान भरायला म्हणून गोंदियाला गेले ते आलेच नाहीत. गाव पांगलं. बिसराम, मंगरू आणि मी उरलो. तरी मी खोदत राहिलो, कारण थांबलो असतो तर घरात जावं लागलं असतं, आणि घरात कोणी नव्हतं.

चैत्रात खडकाच्या भेगेतून झरा फुटला. मी वरून दोर धरून उभा. पाणी बिसरामच्या घोट्यापर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. त्याने ओंजळीने चव घेतली आणि वर पाहून ओरडला, "पाटील, गोड पानी लागलं ना! रडून कायले राहिले?" कोहळ्याच्या कुळात जन्मून पाणी लागलं म्हणून डोक्याला हात लावणारा मी पहिलाच असेन. आपले वडील असते तर आता जेवायला आले असते.

एकूण, आपण विचारलेल्या उत्पन्नाच्या आशेबद्दल खुलासा असा की तेल शून्य, पाणी भरपूर. विहीर बांधून काढली आहे, रहाटही बसवला आहे. वडीलधाऱ्यांना दंडवत, लहानांना आशीर्वाद, आणि म्हशीच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवावा.

आपला,
भोजराज

ता. क. तेलाच्या कंपनीत आपल्याला भागीदार करून घेण्याचा माझा विचार होता, तो आता रहित समजावा. आपण कोणाला बोलला असाल तर विनोद होता म्हणून सांगावं.

ता. क. हळदीचं बेणं फेकलं नव्हतं. निवडून, राखेत घोळून मडक्यात ठेवलं आहे. ज्येष्ठात लावता येईल. लावणाऱ्याचा हात मात्र माझा नको, असं हळदीला वाटत असावं.

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. नव्या विहिरीची पूजा जोडप्याने करायची आणि पहिली घागर घरच्या बाईने काढायची, तोवर त्या पाण्याला गावात कोणी तोंड लावत नाही, हे आपण जाणताच. म्हणून दारात भरलेली विहीर असूनही मी रोज आटलेल्या तळ्याच्या पोटात खणलेल्या झिऱ्यावरून पाणी आणतो. घागर डोक्यावर, आणि निम्मं पाणी अंगावर. नंदाबाई वाटेत उभी राहून पाहते. मी सगळ्या सडकेच्या मोटारींना दारात पाजलं, आणि घरच्या माणसाला पाण्यासाठी इतकं लांब पाठवत राहिलो. तेव्हा मला हे अंतर कधी दिसलं नव्हतं. तरी पूजेपुरतं आपल्या भगिनींना पाठवून द्यावं, अशी गावाच्या वतीने विनंती आहे.

ता. क. पाकिटावर तिकीट नाही हे आपल्या लक्षात आलं असेल. पत्र आपल्या हाती देणारा माणूस मंगरू. तो माझ्याबरोबर आला आहे. मी आपल्या तलावाच्या पाळीवर बसलो आहे. छोटेलालची मोटार दिवस बुडायच्या आत परत जाते. घाई नाही. उद्याही जाते.

ता. क. आणि दादा, वर लिहिलेली पूजेची अडचण तितकीशी खरी नाही. बायको जवळ नसली तर कमरेला सुपारी लावून पूजा करता येते, असं आमचे गुरुजी म्हणाले. अक्षय्य तृतीयेला त्यांनी सुपारी आणूनही दिली. ती मी खाल्ली. परवा त्यांनी दुसरी आणली, तीही मी खाल्ली.