एका कानाचं औषध

आई, धाकट्या नातीचा कान बरा झाला! आत्ताच तिला घेऊन डॉक्टरांकडून आले. टिळकवाडीच्या घरात पाऊल टाकलं, चपला कुठं काढल्या तेही आठवत नाही, आणि तुला लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अशी बातमी पहिल्यांदा तुलाच सांगावीशी वाटते. आठवडाभर पोर कान धरून रडली गं! ताप उतरल्यावर मला वाटलं झालं, पण सून म्हणाली, "आई, बरं वाटलं तरी औषध पूर्ण द्यायचं."

त्या बाटलीतल्या पावडरीत मी उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत घातलं, बाटली हलवली, आणि संत्र्याचा तोच वास! एकदम आपलं निपाणीचं स्वयंपाकघर. तू पाटावर बसली आहेस, समोर आम्ही चौघं भावंडं. कान वाहतोय एकट्या धाकट्याचा, पण औषध गोड आहे ना, म्हणून चौघांनाही चमचा चमचा. कॉन्व्हेंटात जाणारी मी बाटलीवरचं इंग्रजी ऐटीत वाचून दाखवते. तू म्हणतेस, "लई झ्याक वाचतीस गं. आता सरक, थोरल्याला येऊ दे."

बाटली लवकर संपली आणि कान पुन्हा वाहायला लागला. डॉक्टर तुझ्यावर केवढे तापले! "आक्का, ह्यो काय परसाद हाय व्हय, वाटत सुटायला?"

"बाकीची तोंडं आ करून बसत्यात, डॉक्टर. आईनं कुणाचं तोंड बघायचं?"

"ज्येचा कान दुखतोय त्येचं!"

दुसरी बाटली आली, तेव्हा धाकट्याला आत घेऊन दार लावलंस. आम्ही तिघं बाहेरून धपाधपा दार वाजवत होतो. "आई गं, आमाला?" तू उघडलं नाहीस. त्याचा कान कायमचा बरा झाला, पण दर वेळी बाहेर येताना तुझे डोळे लाल असायचे. मला वाटायचं, चुलीचा धूर.

हे पत्र घडी घालून साड्यांच्या कपाटात ठेवीन, दुसरं काय करणार? पण एक सांगायचं राहिलं. आज सकाळी शेवटचा चमचा भरला, तर थोरली नात शेजारी येऊन उभी राहिली. "आजी, मला थोडंसं?" मला सगळं माहीत होतं, डॉक्टरांचं बोलणंही आठवत होतं. तरी चमचा तिच्याकडे वळला, आई. "अहो आई, तिला नाही!" सून स्वयंपाकघरातून ओरडली म्हणून थांबले. नाहीतर अर्धा तिला दिला असता.