पाइप वाजतोय

प्रिय किरकिरे,

तू पाठवलेल्या साडेतीन मिनिटांच्या गाण्याला खरं काय काय लागलं, ते आधी मांडतो. तुझ्या आईची अठरा मिनिटांची एक कॅसेट, तुझे चाळीस दिवस आणि माझी नऊ दुपारांची झोप. आणखी एक खर्च आहे, पण तो तुझ्या आईनं फार पूर्वीच भरलाय. त्याच्याकडे येतोच.

जुन्या गाण्यावर ढमढम चढवायची नि त्याला नवं म्हणायचं, असा तुमच्या रीमिक्सबद्दल माझा समज होता. तू एकही वाद्य घातलं नाहीस. आईचं गुणगुणणं, तिचा श्वास, आणि भिंतीपलीकडची ती टकटक, त्या टकटकीचाच ठेका. ती टकटक कशाची, असं तू फोनवर विचारलंस तेव्हा मला हसूच आलं. भंगारातून मशिनं उभी करत मी दुकान थाटलं ते या कानांच्या जिवावर. रस्त्यानं जाताना कुणाच्या पंपाचं बेअरिंग गेलंय ते सांगतो. आवाज कशाचा, हे ओळखण्यात तुझा बाप आजवर चुकलेला नाही, हे ऐकून ऐकून तू लहानपणी कानात बोटं घालायचीस. म्हटलं, टेपवर मीच सांगितलंय की. सहाव्या मिनिटाला आई मध्येच थांबते आणि माझा तरुण आवाज येतो: "थांबू नकोस. पाइप वाजतोय."

 तू म्हणालीस, "बाबा, पाइप ओळ संपायची वाट बघत नाही."

त्या दिवसापासून रोज दुपारी हेडफोन लावून बसलो. तुझं खरं होतं. आई गात असली की पलीकडे शांत. ओळ संपली की तीनदा टकटक. मग दोनदा. अकराव्या मिनिटानंतर एकदाच, तीही खरवडल्यासारखी. त्यापुढे आई प्रत्येक ओळीनंतर थांबते, वाट बघते, नि पलीकडून काहीच येत नाही. पाचव्या दुपारी मी मशिन बंद केलं, हेडफोन काढला, तरी टकटक चालूच. पंखा पाहिला, खिडकी पाहिली, दाराला कान लावला तेव्हा थांबली. परत येऊन बसलो, पुन्हा सुरू. खाली पाहिलं, तर माझंच बोट टेबलावर वाजत होतं. तीन-तीनदा.

तू आजीला पाहिलं नाहीस. वाचा गेल्यावर ती आतल्या खोलीत पडून असायची आणि बोटातल्या अंगठीनं खाटेच्या लोखंडी कडेवर तीनदा वाजवायची. म्हणजे, कोणीतरी या. ही टेप भरली त्या दुपारी माझा पहिला टेपरेकॉर्डर तयार झाला होता, गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं. आवाज तपासायला मी तुझ्या आईला गायला बसवलं. ती उठायला लागली, तेव्हा मी ते वाक्य बोललो. कॅसेट संपल्यावर आत गेलो, तर आजीचा हात खाटेखाली लोंबत होता.

पुढे चार माणसांत बोललं गेलं, सासू जात होती नि सून गात बसली होती. मी तिथंच बसलो होतो. तुझ्या आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. नंतर ती कधी गायली नाही. आई गात का नव्हती, असं तू मला तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी तिच्या घशाचं दुखणं पुढे केलं. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत तुला सापडली ती हीच कॅसेट.

गाणं लोकांपुढे आणण्याआधी माझं वाक्य कापणार, मध्येच खुपतं, असं तू कळवलंयस. कापू नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र. तू ऐकतेस तसं ऐकणारा एखादा तरी भेटेल, आणि त्याला कळेल की ती उठत होती, तिला बसवलं गेलं. आणि पाइपाचं म्हणशील, तर त्या घरात नळ नव्हता. पाणी आम्ही रस्त्यापलीकडून भरून आणायचो.

तुझाच,
बाबा