लाल पाटी येणार नाही

२० जानेवारी २०२५, सोमवार
आजपासून रोजनिशी. जबाबदारीची माणसं ठेवतात.

देवळ्याच्या खासगी कांदा बाजाराला आमच्या कंपनीने दिलेलं सॉफ्टवेअर शनिवारी पुन्हा बंद पडलं. ट्रॅक्टरची रांग हायवेपर्यंत गेली. सकाळी मालकीणबाईंनी, म्हणजे प्रतिभा मॅडमनी, केबिनमध्ये बोलावलं. आवाज अजिबात चढवला नाही. हे फार वाईट लक्षण. म्हणाल्या, ललित, तीन फेब्रुवारीला सगळं नीट करून परत सुरू करा. परत गडबड झाली तर देवळ्याच्या गेटवर कायमचा माणूस बसवावा लागेल, आणि तो माणूस तुम्ही. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मी घाबरलेलो नाही. संध्याकाळी घरच्या, देवळाली कॅम्पच्या बसऐवजी सिन्नरच्या बसमध्ये बसलो, ते विचारात होतो म्हणून.

२१ जानेवारी
दुखणं सापडलं. बाजारात आमचे तीन प्रोग्रॅम चालतात. एक गेटवर टोकन देतो, दुसरा वजनकाट्यावर, तिसरा शेतकऱ्यांच्या मोबाइलवर. तिघांचा डेटाबेस एक, पण त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हर, म्हणजे दुभाष्या, प्रत्येकाचा वेगळा. सेटिंग एकच दिलं तरी तिघे तीन अर्थ काढतात. डेटाबेसच्या उत्तराची किती वाट पाहायची, तिथे शून्य लिहिलेलं होतं. गेटवाला समजला, जन्मभर थांबायचं. काट्यावाला समजला, थांबायचंच नाही. मोबाइलवाला आपल्या मनाने थांबतो. शनिवारी देवळ्याची इंटरनेटची लाइन जरा गेली आणि गेट गोठलं, काट्याच्या स्क्रीनवर भली मोठी लाल पाटी आली.

मनालीला जेवताना सगळं समजावून सांगितलं. बायकोला समजलं म्हणजे कोणालाही समजेल, असा माझा हिशेब. तिला लगेच समजलं. म्हणाली, पण शून्य लिहिलं कोणी? मी आमटी वाढून घेतली.

२३ जानेवारी
योजना तयार. एकच सेटिंगची फाइल, तिघांनी तीच वाचायची. मध्ये माझा एक छोटा प्रोग्रॅम, जो प्रत्येक ड्रायव्हरला त्याच्या भाषेत सांगेल. तिघांना एकच नियम. काट्याचा प्रोग्रॅम ऑफिसातल्या तेजलचा आहे. ती म्हणाली, कल्पना चांगली आहे, पण आधी तिन्ही ड्रायव्हरची माहिती पूर्ण वाचून काढ. वाचतो म्हटलं.

दुपारी वाचायला घेतली. पहिल्याच पानावर 'सावधान' असं तीन ठिकाणी. खाली जाऊन चहा घेतला. उरलेलं रविवारी, निवांत.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदन. मग मनालीच्या माहेरी. वाचन राहिलं.

२७ जानेवारी, सकाळी ७
कॅम्पात तोफांचा सराव सुरू. नऊ वर्षं इथे राहतो, सवय आहे. शर्ट बदलावा लागला, चहा सांडला होता.

संध्याकाळी
गोरक्षचा फोन आला. हा देवळ्याच्या गेटचा मुख्य माणूस. साधं बोलला तरी फोन कानापासून लांब धरावा लागतो. शांतपणे विचारत होता, भाऊ, सोमवारनं पक्कं शे ना? पक्कं आहे म्हटलं. फोन ठेवल्यावर कळलं की मी उभा राहून बोलत होतो.

२८ जानेवारी
आज खरी कल्पना सुचली. लोक घाबरतात कशाला? लाल पाटीला. पाटी आली की गोरक्ष मॅडमना फोन करतो, मॅडम मला बोलावतात. मग पाटीच येऊ द्यायची नाही. मुख्य डेटाबेसने वेळेत उत्तर दिलं नाही, तर तिघांनी गुपचूप सरावाच्या डेटाबेसकडे जायचं, आम्ही चाचणीला वापरतो त्या. तो बाजारातल्याच कंप्युटरवर ढिम्म असतो, कधी बंद पडत नाही. काम चालू राहील, कोणाला पत्ता लागणार नाही.

तेजलने मान हलवली. पत्ता लागायलाच पाहिजे, म्हणाली. पाटी बघून माणूस घाबरतो, म्हणून तर फोन करतो. मी म्हटलं, तेच तर टाळायचं आहे. तिने सगळं मेलवर लिहून पाठवलं. मेल अजून उघडलेला नाही, दिवसभर गडबड होती.

३० जानेवारी
चाचणी झाली. वाट पाहायची वेळ सगळ्यांसाठी तीस ठेवली. तीस सेकंद म्हणजे भरपूर झाले. तिघेही एका सुरात बोलले. गेट चालू, काटा चालू, मोबाइल चालू. सर्व्हर माझ्याच टेबलाखाली ठेवला होता, म्हणून वायरसुद्धा लांबवावी लागली नाही. मॅडम बघून गेल्या आणि बरं म्हणाल्या. नोकरी लागल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदा बरं म्हटलं असावं.

तेजलने विचारलं, तीस म्हणजे काय तीस? मी म्हटलं, तीस म्हणजे तीस.

२ फेब्रुवारी, रविवार
झोप नाही. ॲसिडिटी. मनाली म्हणते, तुला भीती वाटते आहे, सांगून टाक मॅडमना, अजून आठ दिवस माग. आठ दिवस मागणं म्हणजे तयारी नाही असं कबूल करणं. माझी तयारी आहे. माहिती मात्र वाचायची राहिली, ती सुरू झाल्यावर वाचेन.

३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ९
सर्व्हर मुख्य जागी. देवळ्यात गेट उघडलं. माझ्या स्क्रीनवर तिघेही हिरवे.

१०.३०
हिरवे. मॅडम स्वतः देवळ्याला गेल्या आहेत, व्यापाऱ्यांनी हारतुरे ठेवलेत. बोलावलं होतं, पण इथून लक्ष ठेवायला कोणीतरी हवं असं मीच म्हटलं.

११.४०
अजून एकही लाल पाटी नाही. फार थंडी वाजते आहे. ऑफिसचा एसी बंद करायला सांगितलं. तो बंदच होता.

१२.१५
गोरक्षचा फोन. म्हणाला, भाऊ, हाऊ गोटीराम कोन शे? त्याना ट्रॅक्टर कोठे शे? सकाळपासून त्याचा पुकारा चाललाय, तो पुढे येत नाही, त्यामुळे मागचे सगळे अडकलेत.

गोटीराम माझे सासरे. त्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही, ते कॅम्पात घड्याळं दुरुस्त करतात. सरावाच्या डेटाबेसमध्ये भरायला नावं हवी होती, तेव्हा मी घरातली आणि ऑफिसातली घातली होती.

तीस म्हणजे तीस सेकंद नव्हे, तीस मिलिसेकंद; पापणी लवायच्या आत संपतात. माझ्या फाइलमध्ये तिघांना तेच गेलं. टेबलाखालचा सर्व्हर तेवढ्यात उत्तर देत होता. देवळ्याच्या लाइनवरून उत्तर यायला जास्त वेळ लागतो, म्हणून सकाळी नऊपासून तिन्ही प्रोग्रॅम एकमताने सरावाच्या डेटाबेसमध्ये काम करत होते. खरे ट्रॅक्टर नसलेल्या ट्रॅक्टरांच्या मागे उभे होते.

 गोरक्षला एक मिनिट म्हणालो आणि फोन टेबलावर ठेवून बाथरूममध्ये जाऊन उभा राहिलो.

१.०५
बाहेर आलो तेव्हा तेजल माझ्या खुर्चीत बसून सेटिंग बदलत होती. म्हणाली, गोटीरामनंतर स्पीकरवरून 'प्रतिभा मॅडम, एक पिकअप, गोल्टी' असा पुकारा झाला. गोल्टी म्हणजे बारका, उरलासुरला कांदा. मॅडम तिथेच हार घालून बसल्या होत्या.

४ फेब्रुवारी
मॅडमनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं की बिघाड झालाय हे तुम्हाला केव्हा कळलं? गोरक्षच्या फोनवर, असं सांगितलं. म्हणजे तो फोन आला नसता तर?  उद्या सकाळच्या पहिल्या बसने देवळा. तेजल फाइलचं काम पुढे बघेल. मनालीला सांगितलं, मोठी जबाबदारी दिली आहे. तिने बॅग भरली, स्वेटर वर ठेवला.

५ फेब्रुवारी, देवळा, गेट
लाल पाटी परत बसवली आहे. लाइन गेली की तिन्ही ठिकाणी एकदमच येते. सकाळी एकदा आली. गोरक्षने पाहिली, मला हाक मारली, मी तेजलला फोन केला, दहा मिनिटांत गेली. कोणी ओरडलं नाही.

सोमवारची टोकनं खऱ्या डेटाबेसमध्ये नाहीत. ज्यांचा माल परवापासून पडून आहे ते खिडकीशी येतात. पुंजाराम नावाचे एक म्हातारे आले, मागे कांद्याने भरलेली ट्रॉली. आपला नंबर कधी, असं विचारलं. मी नाव टाकून शोधलं. परत शोधलं. माणूस समोर उभा होता, ट्रॉली दिसत होती, कंप्युटर म्हणत होता की असा कोणी आलाच नाही. हे मी केलं आहे, हे त्यांना सांगायला तोंड उघडलं, आणि तिसऱ्यांदा त्यांचं नावच विचारलं. घाम आला, फेब्रुवारीत.

पुंजारामांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीतून हात आत घालून आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, घाबरी गया का रे भाऊ? पाणी पे, मंग दखू.

मी पाणी प्यायलो आणि हो म्हणालो.